मोबाइल एक, मशवरा हजारांचा

हळदीच्या हंगामातली गोष्ट आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या एका मोहल्ल्यात आम्ही काही जण रेशन कार्डात राहिलेली नावं चढवण्यासाठी अर्ज भरून देत होतो. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक तरुण आई सात महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आली. तिचं कार्डाचं काम आधीच झालं होतं. "आपा, तुमारे फोन में नेट है क्या?" तिनं विचारलं. मी फोन दिला. तिनं यूट्यूब उघडलं, माइकचं चिन्ह दाबलं आणि आपल्या दखनीत बोलली, "सात महिने के बच्चे का वजन नै बढरा, क्या करना?"

पाच मिनिटांत तिनं तीन व्हिडिओ पाहिले. पहिल्यात डब्यातल्या एका पावडरीची तारीफ होती. दुसऱ्यात एक हकीमसाहेब कुठलंसं चाटण कुरिअरनं पाठवायला तयार होते. तिसऱ्यात चकचकीत स्वयंपाकघरातली एक बाई ॲव्होकाडो कुस्करून बाळाला भरवत होती. "ये हरा फल मोंढे में मिलता क्या?" तिनं मला विचारलं. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. ती गंमत करत नव्हती. तिला खरंच ते फळ हवं होतं.

मी विचारलं, दवाखान्यात दाखवलं का? ती म्हणाली, तिथं गेलं की "पहिलं लहान असताना हे दुसरं कशाला" असं सगळ्यांसमोर ऐकावं लागतं. सासू म्हणते, आमच्या वेळी पोरांची वजनं कोण करत होतं? नवऱ्याला विचारावं तर तो रात्री थकून येतो. मग जरा थांबून ती म्हणाली, "नेट चिल्लाता नै, आपा."

हे संपादकीय त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

आपल्यातल्या शिकलेल्या लोकांची एक ठरलेली समजूत असते. गरीब घरातल्या आया अडाणी असतात, त्यांना माहिती द्यायला हवी, जनजागृती करायला हवी. या आईला जाग पुरेशी होती. बाळाचं वजन वाढत नाही हे तिनं घरात सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. प्रश्न नेमका विचारला होता, तोही बाळाचं वय सांगून. तिला हवं होतं ते न ओरडता ऐकून घेणारं माणूस. ते सापडलं नाही म्हणून ती फोनकडे गेली.

तो फोनही तिच्या हक्काचा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.८ टक्के जणींनी स्वतः वापरत असलेला मोबाइल आपल्याकडे आहे असं सांगितलं होतं. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३८ टक्के होत्या, तर पुरुष ६१.५ टक्के. त्यानंतर फोन आणखी घरांत पोचले. तरी "घरात फोन आहे" आणि "आईच्या हातात फोन आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मोहल्ल्यात बरेच पुरुष मोंढ्यात हमाली करतात, गवंडीकाम करतात, रिक्षा चालवतात. फोन सकाळी त्यांच्या खिशातून जातो. रात्री परत आला की आधी मुलांची पाळी असते. आईची पाळी दहानंतर येते आणि तोवर दिवसाचा डेटा संपत आलेला असतो. बाळाला दुपारी दोन वाजता जुलाब सुरू झाले, तर तिनं विचारायचं कुणाला?

फोन हातात आला की दुसरी अडचण भाषेची. ती घरी दखनी बोलते, शाळेत थोडं मराठी किंवा उर्दू शिकलेली असते. टाइप करण्यापेक्षा बोलून विचारणं तिला सोपं जातं आणि तिच्या दखनीला यूट्यूब हिंदी समजतं. मग उत्तरं येतात ती दिल्ली-लखनौकडची, कधी लाहोर-कराचीची. त्यांतले खाण्याचे पदार्थ वेगळे, औषधांची नावं वेगळी. हिंगोलीच्या बाजारात काय मिळतं आणि दिवसाच्या मजुरीत काय बसतं, हे त्या व्हिडिओवाल्याला माहीत नसतं.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी आहे. तो व्हिडिओ बहुतेक वेळा काहीतरी विकत असतो. बाळाच्या डब्याच्या दुधाची, दूध पाजायच्या बाटलीची आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या तयार आहाराची जाहिरात करायला आपल्या देशात कायद्यानं बंदी आहे. हा कायदा १९९२चा, २००३मध्ये तो आणखी कडक झाला. त्यामुळे टीव्हीवर अशी जाहिरात दिसत नाही. पण एखादी "मम्मी" आपल्या बाळाला भरवताना डबा कॅमेऱ्यासमोर धरते तेव्हा ती जाहिरात आहे की मैत्रिणीचा सल्ला, हे ओळखायचं कसं? शिकलेल्या बाईलाही ते चटकन कळत नाही.

ओआरएसचं उदाहरण घ्या. जुलाबात मुलाला ओआरएस द्यावं, हे इंटरनेटवर शंभर ठिकाणी सांगितलेलं आहे आणि ते बरोबरच आहे. ते ऐकून आई मेडिकलवर जाते. अनेक वर्षं तिथं नावात "ओआरएस" असलेली गोड पेयं सुंदर खोक्यांत विकली जात होती. त्यांत साखर कितीतरी जास्त आणि क्षार कमी. अशा पेयानं जुलाब थांबायच्या ऐवजी वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध सुमारे आठ वर्षं लढल्या. शेवटी ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. खरी ओआरएसची पुडी आशाताईकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पुडीवर लिहिलेल्या मापाएवढ्या, बहुतेक पुड्यांना एक लिटर, स्वच्छ पाण्यात ती विरघळवायची. सोबत १४ दिवस झिंकची गोळी, बाळाच्या वयाप्रमाणे. या पुडीची जाहिरात कुणी करत नाही, कारण तिच्यात कुणाचा नफा नाही.

म्हणून इंटरनेट वाईट आणि जुनं ते सोनं, असं मी म्हणत नाही. आपल्या घरांतला जुना सल्लाही तपासून घ्यावा लागतो. बाळ जन्मलं की त्याच्या जिभेला मध लावायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर सांगतात, कारण मधातल्या जिवाणूंमुळे क्वचित पण जीवघेणा आजार होऊ शकतो. डोळ्यांत सुरमा घालतात. बाजारातल्या पुष्कळ सुरम्यांत शिसं असतं आणि शिसं लहान मुलाच्या मेंदूला घातक आहे. उन्हाळ्यात चार महिन्यांच्या बाळाला "घसा सुकतो" म्हणून पाणी पाजतात. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही लागत नाही, हिंगोलीच्या मे महिन्यातही नाही. तहनीकसारख्या श्रद्धेच्या गोष्टीत मी परस्पर निकाल देणार नाही. एवढंच म्हणते की मोहल्ल्यातले मौलाना आणि बालरोगतज्ज्ञ एकदा समोरासमोर बसले तर दोघांनाही मान्य होईल अशी वाट निघेल. जीव वाचवण्याला आपल्या दीनमध्ये किती मोल आहे, हे मौलानांना आपण सांगायची गरज नाही.

मधाबद्दलची ही गोष्ट मला सांगितली ती त्याच मोहल्ल्यातल्या दुसऱ्या एका बाईनं. तिला ती फोनवरच कळली होती. बाळाला छातीशी नीट कसं धरायचं, हेही ती एका नर्सच्या व्हिडिओतून शिकली. म्हणजे खजिना तिथं आहे. फक्त खऱ्याखोट्याची निवड करताना तिच्या शेजारी कुणी नसतं.

सरकारनंही फोनची वाट धरली आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची "किलकारी" ही सेवा २०१६मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि २०२४मध्ये महाराष्ट्रासाठी मराठीत आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिसंदेश फोनवर येतात. स्मार्टफोन लागत नाही, पैसे लागत नाहीत. कल्पना चांगली आहे. पण मध्य प्रदेशात या सेवेची पाच हजारांहून जास्त स्त्रियांना घेऊन शास्त्रीय चाचणी झाली, तेव्हा गर्भनिरोधनाच्या साधनांचा वापर थोडा वाढलेला दिसला, तर सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. माझ्या मते कारण उघड आहे. अंगावर किती पाजायचं हे एकटी आई ठरवत नाही. त्यात सासू असते, नवरा असतो, शेतावरचं काम असतं. आईच्या कानात आलेला संदेश या सगळ्यांपर्यंत पोचत नाही. आणि त्या आवाजाला उलट प्रश्नही विचारता येत नाही.

याच्या शेजारी गडचिरोली ठेवून पाहा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या "सर्च" संस्थेनं नव्वदच्या दशकात तिथल्या ३९ गावांत त्याच गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत, ६० टक्क्यांहून जास्त घटले. १९९९मध्ये हे निष्कर्ष "लॅन्सेट"मध्ये छापून आले. पुढे २०११पासून देशभर आशाताईंनी बाळ-बाळंतिणीला घरी भेटी द्यायच्या, हा नियम त्याच कामातून आला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा भेटी. गडचिरोलीत आईला मिळालेली माहिती काही गुप्त विद्या नव्हती. ती आणणारी बाई गावातली होती, आईची बोली बोलत होती, बाळाला हातात घेऊन पाहत होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत होती. फरक त्यानं पडला.

आपल्या समाजाला या फरकाची किंमत जास्त मोजावी लागली आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली तेव्हा "या लसीनं मुलं पुढे वांझ होतात" असे व्हॉट्सॲप संदेश आपल्या मोहल्ल्यांत फिरले. २०२२च्या शेवटी गोवंडी, मालेगाव, भिवंडीत गोवराची साथ आली आणि लस न घेतलेली मुलं दगावली. अफवेवर फक्त मुसलमान विश्वास ठेवतात असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. जुलै २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावानं ठेचून मारलं. तिथं आपला मोहल्ला नव्हता. अफवेला जात-धर्म नसतो. ती जिथं विश्वासाचं माणूस नसतं तिथं शिरते.

सरकारलाही हे कळतं, पण त्याची उत्तरं कधी कधी मजेशीर असतात. मुस्लिम वस्त्यांत कोविड लसीला प्रतिसाद कमी म्हणून नोव्हेंबर २०२१मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सलमान खानची मदत घेणार असल्याचं सांगितलं होतं. सलमानचा चाहतावर्ग आपल्याकडे मोठा आहे, हे मान्य! पण बाळाला ताप असताना कुणी सलमान खानला फोन लावत नाही. तेव्हा शेजारची शिकलेली आपा लागते.

आणि इथं, मित्रमैत्रिणींनो, मी तुमच्याकडे वळते.

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात स्वतःचा फोन आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादी भाभी, आपा, खाला अशी नक्की आहे जिच्या हातात तो नाही. कुरआनात सूरह बकराच्या २३३व्या आयतीत बाळाला दूध पाजण्याचा विषय आला आहे. दोन वर्षांची मुदत, आईच्या खाण्या-कपड्याची बापावरची जबाबदारी, हे आपण ऐकलेलं असतं. त्याच आयतीत दूध सोडवायचं तर आई-बापानं आपसांतल्या राजीखुशीनं आणि मशवऱ्यानं ठरवावं, असंही आहे. तिकडे आपलं लक्ष जात नाही. बाळाच्या दुधाचा निर्णय हा मशवऱ्याचा विषय मानला गेला आहे आणि त्या मशवऱ्यात आई बरोबरीनं आहे. आपण मात्र तिला एकटं सोडून मशवऱ्याचं काम फोनवर ढकललं आहे.

म्हणून पहिलं काम, फोन द्या. उपकार म्हणून नको, तिची वेळ म्हणून द्या. दुपारी एक तास घरातला एखादा फोन घरातच राहील, असं ठरवता येतं. तिनं काय शोधलं याची चौकशी करू नका, नंतर हसू तर मुळीच नका. माझं हसू मला अजून बोचतं.

दुसरं काम, ती व्हिडिओ पाहत असेल तर शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारायची सवय लावा. बोलणारा कोण आहे? तो शेवटी काय विकतो आहे? आपल्या बाळाच्या वयाचं तो बोलतो आहे का? यातच निम्मा कचरा गळून पडतो.

तिसरं काम, आपल्यातले जे डॉक्टर, नर्स, फार्मसीचे विद्यार्थी आहेत त्यांनी दोन-दोन मिनिटांचे आवाजी संदेश दखनीत तयार करावेत. ओआरएस कसं बनवायचं, सहाव्या महिन्यानंतर काय भरवायचं, लसीनंतर ताप आला तर काय करायचं. बालरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत आणि खाली आपलं नाव सांगावं. ओळखीचा आवाज अनोळखी चॅनेलपेक्षा लांब जातो.

चौथं काम, फोन बाजूला ठेवायची वेळ कोणती हे घराघरांत पाठ करून घ्या. बाळ दूध ओढेनासं झालं, श्वास जोरात चालू लागला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, बाळ मलूल पडलं, महिन्याच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा अंग गार पडलं, तर काही शोधत बसायचं नाही. १०८ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा.

पाचवं काम व्यवस्थेशी बोलण्याचं आहे. दवाखान्यात आईला सगळ्यांसमोर बोलणी बसतात, ती मुकाट ऐकून घ्यायची गोष्ट नाही. तिच्यासोबत जा. गावात ग्राम आरोग्य व पोषण दिन असतो, त्या दिवशी तुम्ही तिथं असा. किलकारीसारख्या सेवेत हिंगोली-परभणी-नांदेडची दखनी का नसावी, हे लेखी विचारा. आशाताईशी भांडायला मात्र जाऊ नका. थोड्या मोबदल्यावर ती घरोघरी फिरते, तिच्या डोक्यावर कागदांचं ओझं आहे. तिला आपल्या गल्लीत एक घर हक्काचं वाटेल, चहा मिळेल, बायका जमतील, एवढं आपण करू शकतो.

त्या दिवशी आम्ही बाळाला घेऊन अंगणवाडीत गेलो. ताईंनी वजन केलं. कार्डावरच्या आलेखात ते पिवळ्या पट्ट्यात आलं, म्हणजे वयाच्या मानानं कमी, पण हाताबाहेर गेलेलं नव्हतं. काय भरवतेस, असं ताईंनी विचारलं. ती म्हणाली, दाळीचं पाणी. तिला कुणीतरी सांगितलं होतं की बाळाला पातळच द्यावं. ताई म्हणाल्या, पाण्यानं पोट भरतं, अंग धरत नाही. दाळ वर ठेवून पाणी देऊ नकोस, दाळच कुस्कर. चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट मऊ खिचडी, वर चमचाभर तेल किंवा तूप, कधी अंडं, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच. महिन्यानं पुन्हा वजनाला आण.

हे सगळं तिच्याच चुलीवर होतं. ॲव्होकाडोची गरज नव्हती. हाच सल्ला इंटरनेटवरही आहे, शोधला तर मिळतो. पण तिच्यापर्यंत तो पोचला तो समोर बसून, "तू काय भरवतेस?" असं तिला विचारल्यावर. तिच्या फोननं हा प्रश्न तिला कधीच विचारला नव्हता.

निघताना तिनं माझा नंबर मागितला. कुणाच्या फोनवर सेव्ह करू, विचारलं तर म्हणाली, "देवर के." तो बारावीला आहे, हिंगोलीला कॉलेजात येतो, स्वतःचा फोन आहे. हे संपादकीय त्याच्यापर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं. त्याला जाऊन डॉक्टर व्हायला कुणी सांगत नाही. आज संध्याकाळी घरी गेल्यावर त्यानं भाभीला एवढंच विचारावं, की बाळ खिचडी खातं का. आणि ती जे सांगेल ते न ओरडता ऐकावं.